'ग्रंज'ला मराठीत काय म्हणावं?

माळ्यावरची कॅसेट
दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराच्या रॉकवर लेख लिहायला घेतलाय. पहिल्याच परिच्छेदाच्या समासात संपादकांचा शेरा आला: 'ग्रंज म्हणजे काय? मराठी शब्द द्या.' कोशात पाहिलं तर मळ, घाण असलं काही मिळतं. 'मळसंगीत' छापलं तर वाचक लेख आरोग्याच्या सदरात शोधतील. कळकट रॉक, गबाळा रॉक, खरखरीत रॉक असे तीन पर्याय काढलेत. मूळ शब्द कशाबद्दल होता? आवाज, कपडे की वृत्ती?

खर्ज
आवाज. कपडे फार नंतर आले.

'ग्रंजी' हे विशेषण अमेरिकी बोलीत साठच्या दशकापासून आहे. अर्थ तुम्हाला सापडला तोच, घाणेरडं. त्यावरून पुढे 'ग्रंज' हे नाम पडलं आणि सत्तरच्या दशकातले रॉक समीक्षक ते मळकट वाजणाऱ्या गिटारला लावू लागले. सिअ‍ॅटलशी गाठ पडली १९८१ मध्ये. मार्क आर्म नावाच्या पोराने (तेव्हा तो मॅकलॉफलिन हे खरं आडनाव लावायचा) 'डेस्परेट टाइम्स' या तिथल्या छोट्या पत्रिकेला पत्र पाठवलं. पत्रात 'मिस्टर एप अँड द कॅल्क्युलेशन्स' या बँडला सणसणीत शिव्या होत्या: निव्वळ ग्रंज, निव्वळ गोंगाट, आणि तिसरा शब्द इथे लिहिण्याजोगा नाही. गंमत अशी की तो बँड त्याचा स्वतःचाच होता.

सहा वर्षांनी 'सब पॉप' या रेकॉर्ड कंपनीने आपल्या यादीत ग्रीन रिव्हर या बँडच्या 'ड्राय अ‍ॅज अ बोन'ची जाहिरात करताना हाच शब्द वापरला. एका पिढीच्या नीतिमत्तेचा सत्यानाश करणारा ढिलाढाला ग्रंज, अशा थाटात. आणि ग्रीन रिव्हरचा गायक कोण? तोच मार्क आर्म. म्हणजे शिवी म्हणून आला, जाहिरातीत बसला आणि तिथून शैलीचं नाव झाला.

जवारी
'कळकट'ला माझं मत, पण गिटारच्या आवाजापुरतंच. 'खरखरीत' नको. खरखर रेडिओला येते, ती नकोशी असते. ही मुद्दाम आणलेली आहे.

गिटारचा सिग्नल झेपेल त्यापेक्षा जोरात पुढे ढकलला की लहरींचे शेंडे छाटले जातात. छाटलेल्या लहरीत मूळ स्वराच्या जोडीला वरचे स्वरांश गर्दी करतात. तंबोऱ्याची जवारी काढतानाही वरचे स्वरांशच उमलवायचे असतात. पण ते सुरेल राहावेत म्हणून मिरजेचा कारागीर घोडी घासत बसतो. फझ पेडलवर (लहरी छाटणारी, पायाने चालू करायची डबी) पाय ठेवणाऱ्याला ती फिकीर नसते.

एक व्यावहारिक अडचण मात्र येते. इतक्या छाटलेल्या आवाजात षड्जाबरोबर गंधार लावला की नुसता चिखल होतो. म्हणून षड्ज-पंचम एवढंच वाजवायचं; रॉकवाले त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. सगळ्यात जाड तार एक स्वर उतरवून 'ई'ची 'डी' केली की हेच षड्ज-पंचम एका बोटाने दाबता येतात आणि आवाज आणखी जड होतो. साउंडगार्डन आणि अ‍ॅलिस इन चेन्स या सिअ‍ॅटलच्या बँडची बरीच गाणी या उतरवलेल्या तारांवर उभी आहेत.

ग्रीन रिव्हर फुटल्यावर मार्क आर्मने मडहनी काढला. त्यांच्या १९८८ च्या ध्वनिमुद्रिकेचं नाव 'सुपरफझ बिगमफ'. यात कविता शोधू नका, ती त्यांच्या दोन आवडत्या पेडलांची नावं आहेत.

ठोकळेबाज
इतकं सोपं असतं तर फझ पेडल असलेला प्रत्येक बँड ग्रंज झाला असता. तो आवाज साठच्या दशकातल्या गराज रॉकमध्येही होता. सिअ‍ॅटलच्या पोरांनी केलं ते असं की पंक, म्हणजे वेगवान, ओबडधोबड रॉक, वाजवता वाजवता वेग सोडला. ब्लॅक फ्लॅग या पंक बँडच्या १९८४ च्या 'माय वॉर' अल्बमची दुसरी बाजू रेंगाळत, फरफटत जाते; कित्येक पंकप्रेमी त्यावर भडकले, पण मेल्विन्ससारख्या बँडना तिथे वाट दिसली. पंकचा तुसडेपणा अधिक ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा संथ जडपणा, हे ते मिश्रण. 'डीप सिक्स' हा १९८६ चा संकलित अल्बम ऐका. मेल्विन्स, साउंडगार्डन, ग्रीन रिव्हर, माल्फंक्शन, स्किन यार्ड, यू-मेन, सगळे एकत्र आहेत आणि तेव्हा यांच्याकडे जगाचं लक्षही नव्हतं.

शिवाय पैसे नव्हते हेही आवाजात ऐकू येतं. निर्वाणाचा पहिला अल्बम 'ब्लीच' (१९८९) जॅक एंडिनोने मुद्रित केला, खर्च ६०६ डॉलर आणि १७ सेंट.

माळ्यावरची कॅसेट
'निर्वाणाचा' की 'निर्व्हाना'चा? संपादक हेही विचारणारच.

खर्ज
शब्द आपलाच आहे, निर्वाण लिहिलं तरी बिघडत नाही. पण बँडचं नाव म्हणून 'निर्व्हाना' लिहा, नाहीतर 'निर्वाणाचा शेवट' असल्या वाक्यात वाचक गोंधळेल.

आणि 'ग्रंज'मधला ज जिलबीतला. जावयातला नव्हे.

नदीकाठ
शब्दांचीच चर्चा आहे तर सगळ्यात भारी किस्सा राहिलाय. नोव्हेंबर १९९२. निर्व्हानाच्या 'नेव्हरमाइंड'ने जानेवारीत मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला पहिल्या क्रमांकावरून खाली खेचलं होतं आणि सिअ‍ॅटलच्या पोरांबद्दल काहीही छापायला वर्तमानपत्रं आसुसली होती. न्यूयॉर्क टाइम्सला वाटलं, या मंडळींची स्वतःची बोली असणार. फोन गेला मेगन जॅस्परला. ती पूर्वी सब पॉपमध्ये फोन घ्यायची, तेव्हा दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीत होती. असली बोली अस्तित्वातच नव्हती. बाईने बसल्या जागी शब्द पाडले.

लेमस्टेन म्हणजे कुचकामी माणूस. वॅक स्लॅक्स म्हणजे जुनी फाटकी जीन्स. कॉब नॉब्लर म्हणजे हरलेला. हार्श रेल्म म्हणजे पचका. आणि कट्ट्यावर टाइमपास करण्याला 'स्विंगिन ऑन द फ्लिपिटी-फ्लॉप'. पेपरने 'ग्रंजचा शब्दकोश' म्हणून हे सगळं गंभीरपणे छापलं. काही महिन्यांनी 'द बॅफलर' या नियतकालिकाने थाप उघड केली. दरम्यान सिअ‍ॅटलमध्ये 'लेमस्टेन' छापलेले टी-शर्ट विकायला आले होते! जॅस्पर पुढे सब पॉपची मुख्य अधिकारी झाली.

तेव्हा कॅसेटराव, लेखात ग्रंजची खास बोलीभाषा वगैरे काही लिहिलं असेल तर आधी तपासा. हे शब्द अजूनही कुठे कुठे खरे म्हणून फिरताना दिसतात.

जवारी
हे वाचून ठसका लागला. कोशकारांची झोप उडवणारी गोष्ट.

माळ्यावरची कॅसेट
लेमस्टेन नव्हता, पण निर्व्हानाच्या 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' या गाण्याच्या नावाचं मी 'तारुण्याच्या जोशाचा दरवळ' केलंय. ते तरी ठेवू ना?

नदीकाठ
काढा. टीन स्पिरिट हा मुलींसाठीच्या डिओडरंटचा ब्रँड होता. कॅथलीन हॅना या गायिकेने निर्व्हानाचा गायक कर्ट कोबेनच्या भिंतीवर रंगाने लिहिलं होतं की कर्टला टीन स्पिरिटचा वास येतो. त्याची तेव्हाची मैत्रीण ते डिओडरंट वापरायची. त्याला वाटलं काहीतरी बंडखोर घोषणा आहे. ब्रँडचं त्याला गाणं आल्यानंतर कळलं. त्यामुळे मराठी करायचंच झालं तर पावडरचा डबा शोधावा लागेल. नाव आहे तसं राहू द्या.

ठोकळेबाज
त्या गाण्याबद्दल एक. चार कॉर्ड, कडवं दबक्या आवाजात, ध्रुवपदाला स्फोट. ही कुजबुज-आरोळीची युक्ती पिक्सीज या बॉस्टनच्या बँडकडून उचलल्याचं कोबेनने स्वतःच सांगितलंय. म्हणजे ग्रंजचं सर्वांत प्रसिद्ध गाणं रचनेच्या दृष्टीने सिअ‍ॅटलचं नाहीच. शिवाय निर्माता बुच व्हिगने ते कॅलिफोर्नियात इतकं चकचकीत मुद्रित केलं की 'कळकट' शब्द त्याला लागू पडत नाही. माझ्या मते ग्रंज कशाला म्हणतात हे एकाच गाण्यात कळायचं तर मडहनीचं 'टच मी आयम सिक' (१९८८) ऐकावं.

खर्ज
इथेच गोची आहे. मडहनीला लागू पडणारा शब्द उरलेल्यांना चिकटवला गेला.

साउंडगार्डनचं 'आउटशाइन्ड' सात मात्रांत फिरतं. त्यांचा गिटारवादक किम थाइल, आईवडील केरळचे. त्याच्या वाजवण्यात पंकपेक्षा सॅबथ जास्त. 'ब्लॅक होल सन' (१९९४) तर गोड चालीचं, भेलकांडणारं, बीटल्सच्या अंगाचं गाणं आहे. अ‍ॅलिस इन चेन्स मूळचे मेटलवाले. लेन स्टेली आणि जेरी कँट्रेल यांचे दोन आवाज एकमेकांना चिकटून जातात तेव्हा अंगावर काटा येतो. 'वुड?' ऐका. कँट्रेलने ते अँड्र्यू वुडच्या आठवणीत लिहिलं. वुड हा मदर लव्ह बोनचा गायक, हेरॉइनने १९९० मध्ये गेला. त्याच्याच दुःखातून साउंडगार्डनचा गायक क्रिस कॉर्नेलने 'टेंपल ऑफ द डॉग' हा अल्बम केला. त्यातल्या 'हंगर स्ट्राइक'मध्ये कॉर्नेलचा तारसप्तकातला आवाज आणि एडी व्हेडरचा खर्ज समोरासमोर येतात. (माझ्या टोपणनावाचं कारण विचारू नये.)

व्हेडरच्या पर्ल जॅमचं 'अलाइव्ह' तर सरळ सत्तरच्या दशकातला मोठ्या मैदानातला रॉक आहे, शेवटी लांबलचक गिटार सोलो. शीर्षक वाचून आनंदगीत समजू नका. ज्याला वडील मानलं ते वडील नव्हेत हे कळलेल्या पोराचं गाणं आहे ते, त्याच्या तोंडी जिवंत असणं हा शाप आहे. श्रोते हात उंचावून ते गाऊ लागले आणि अर्थ फिरला, असं व्हेडरच सांगतो.

आता या चौघांवर 'कळकट' लिहिलेली एकच पाटी लावून दाखवा.

जवारी
व्हेडरचा विषय निघालाच आहे तर, 'डेड मॅन वॉकिंग' चित्रपटासाठी त्याने नुसरत फतेह अली खाँसाहेबांबरोबर गायलंय. 'द लाँग रोड' शांतपणे ऐका. तिथे फझ नाही, चिखल नाही.

ठोकळेबाज
कपड्यांचं राहिलं. 'गबाळा' हा शब्द तिथे चपखल. जाड चौकड्याचे फ्लॅनेल शर्ट त्या भागात लाकूडतोड्यांचे, थंडी-पावसाचे आणि जुन्या बाजारात स्वस्त मिळणारे. त्यात विधान काही नव्हतं. १९९२ मध्ये मार्क जेकब्जने पेरी एलिस या फॅशन कंपनीसाठी तसेच कपडे रेशमात शिवून मंचावर आणले आणि नोकरी घालवून बसला.

माळ्यावरची कॅसेट
सगळ्यांचे आभार. आता असं करतोय: शैलीचं नाव 'ग्रंज' तसंच, गिटारच्या आवाजाला 'कळकट', कपड्यांना 'गबाळे'. पहिलं वाक्य असं: "सिअ‍ॅटलच्या परिसरात ऐंशीच्या दशकात पंकचा तुसडेपणा आणि हेवी मेटलचा जडपणा एकत्र येऊन, कळकट आवाजाची एक गिटार, एक बेस आणि ड्रम्स एवढ्यावर जो रॉक उभा राहिला त्याला पुढे ग्रंज हे नाव चिकटलं." चालेल?

खर्ज
'एक गिटार' काढा. साउंडगार्डन, मडहनी, पर्ल जॅम, तिन्ही बँडमध्ये दोन गिटार होत्या. 'चिकटलं' मात्र राहू द्या.