विषय: कोपरा गुण्यात (काटकोनात) नसेल तर वर्कटॉप कसा बसवावा?

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमधील लेस्टरमधल्या आमच्या व्हिक्टोरियन काळातील घराच्या स्वयंपाकघरात ३८ मि.मी. जाडीचा लॅमिनेटचा वर्कटॉप (कपाटांवरची तयार फळी) एल आकारात घालायचा आहे. कपाटे जागेवर मांडली आहेत, पण अजून भिंतीला पक्की केलेली नाहीत. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ९०० आणि दुसरीवर १२०० मि.मी. अंतरावर खुणा करून तिरके अंतर मोजले, तेव्हा ते काटकोनात येणाऱ्या १५०० ऐवजी १५१५ मि.मी. भरले. कारागिरांचे म्हणणे असे की सांधा काटकोनातच कापावा आणि मागे राहील ती फट सिलिकोनने भरावी. जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

उत्तर:

ताई, नमस्कार.

आपण घेतलेल्या मापावरून कोपरा सुमारे ९१.२ अंशांचा आहे. आकडा किरकोळ वाटतो, परंतु वर्कटॉपच्या ६०० मि.मी. रुंदीत त्याचा फरक साडेबारा मि.मी. होतो आणि २.४ मीटर लांबीच्या भिंतीच्या टोकाला तो ५० मि.मी.पर्यंत जातो. एवढी फट सिलिकोनने भरणे शक्य नाही, आणि १८-२० मि.मी. जाडीच्या अपस्टँडखालीही (भिंतीलगतच्या उभ्या पट्टीखालीही) ती झाकली जाणार नाही. म्हणून कपाटांची प्रत्येक रांग आपापल्या भिंतीला समांतर ठेवावी, लेव्हल करूनच पक्की करावी आणि कोपऱ्याचा कोन सांध्यात सामावून घ्यावा.

आपल्याकडे गवंडी भिंतीत खाच पाडून ओट्याच्या फरशीची कड आत सरकवतो आणि वरून टाइल्स लावतो, त्यामुळे भिंतीचा वाकडेपणा कोणाला दिसत नाही. इथे मात्र तयार फळी भिंतीला टेकवावी लागते, म्हणून तिची मागची कड भिंतीच्या आकाराने कापणे, म्हणजे स्क्राइब करणे, भाग पडते. फळी भिंतीजवळ पुढच्या कडेला समांतर ठेवावी, सर्वांत मोठ्या फटीइतक्या रुंदीचा लाकडी ठोकळा पेन्सिलीसह भिंतीला घासत न्यावा आणि उमटलेल्या रेषेपर्यंत जिगसॉ किंवा बेल्ट सँडरने कड उतरवावी. कपाटाच्या दाराबाहेर फळी साधारण २० मि.मी. येते आणि मागे जेवढे कापाल तेवढी ती कमी होत जाते. त्यामुळे भिंतीला मोठा खळगा असल्यास ६०० पेक्षा रुंद फळी आणणे बरे.

क्रमाबाबत माझा आग्रह आहे: दोन्ही फळ्या आधी स्क्राइब कराव्यात, सांधा त्यानंतरच कापावा. सांधा आधी कापला, तर पुढे भिंतीसाठी फळी जरा सरकवताच तो उघडतो. पहिल्या फळीचा काप जिगच्या (कापाची दिशा ठरवणाऱ्या साच्याच्या) खुंट्या लावून नेहमीप्रमाणे घ्यावा. दुसऱ्या फळीच्या वेळी खुंट्या काढून जिग मोजलेल्या कोनात फिरवावे, पण तत्पूर्वी एमडीएफच्या टाकाऊ तुकड्यांवर हाच सांधा कापून कोपऱ्यात बसवून पाहावा, कारण फळी एकदा चुकली की नवी आणावी लागते. राउटरचा (लाकूड कोरून कापणाऱ्या यंत्राचा) कटर गोलाई दिलेल्या पुढच्या कडेकडून आत शिरावा, अन्यथा लॅमिनेटच्या कपच्या उडतात. पूर्ण जाडी एकदम न कापता एका फेरीत ८ मि.मी.पर्यंतच खोल जावे. कोन याहून बराच जास्त असता, तर पुढच्या गोल कडा एकमेकींशी जुळल्या नसत्या. सव्वा अंशाला तो फरक डोळ्याला जाणवत नाही.

सांध्याच्या दोन्ही कापलेल्या बाजूंना सांध्याची पेस्ट भरपूर लावून मगच खालचे बोल्ट आवळावेत. आतला चिपबोर्ड एकदा पाण्याने फुगला की पुन्हा बसत नाही, म्हणून सिंकसाठी कापलेल्या कडांनाही सर्व बाजूंनी सिलिकोन किंवा वॉर्निश द्यायला सांगावे.

प्रत्युत्तर:

मनःपूर्वक आभार. आज लांब पट्टी लावून पाहिली, तेव्हा खिडकीखालच्या भिंतीत मधोमध ७ मि.मी.चा खळगा आढळला. ६०० मि.मी.ची फळी पुरेल असे दिसते. कारागिरांना मी आधी स्क्राइब आणि मग सांधा या क्रमाने काम करायला सांगितले असून, एमडीएफवरचा नमुना पाहिल्याशिवाय फळीला राउटर लावू नये, असेही ठरले आहे.