मुंबई दर्शन : तुमची पहिली सहल कशी झाली?

सोनचाफा
काल माळा आवरताना गेटवेसमोरचा फोटो सापडला. १९८९, दिवाळीची सुट्टी. आम्ही पाचजण, मागे कमान, वाऱ्यामुळे आईने पदर दातात धरलाय. फोटोवाल्याने पैसे घेतले, पत्ता लिहून घेतला आणि फोटो महिन्याभराने पोस्टाने लातूरला आला. तोवर बाबा रोज पोस्टमनला विचारायचे. बसने एका दिवसात सगळं दाखवलं होतं: म्युझियम, तारापोरवाला मत्स्यालय, म्हातारीचा बूट, शेवटी जुहू. मला सगळ्यात लख्ख आठवतो तो मत्स्यालयातला अंधार आणि काचेपलीकडे अगदी माझ्या नाकासमोर आलेलं कासव. समुद्र त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिला, पण कासवच जास्त आठवतं. तुमचंही लिहा ना.

कोकणकडा
म्हातारीचा बूट!! आतल्या जिन्यावर ही गर्दी, वर पोचलेली पोरं खाली यायलाच तयार नसायची. समोरच्या हँगिंग गार्डनखाली पाण्याची मोठी टाकी आहे असं काकांनी सांगितलं आणि मी हिरवळीवर पाऊल जपून टाकत चालले. बाग फुटली तर? सहा वर्षांची होते.

रानजाई
घारापुरी. सासऱ्यांना त्रिमूर्ती बघायची फार इच्छा. तिकिटं काढून देणाऱ्याने नेमका सोमवार दिला आणि लेणी सोमवारी बंद असतात हे गेटवेला पोचल्यावर कळलं. सासरे काही बोलले नाहीत, तिथेच कठड्याला टेकून पाण्याकडे बघत बसले. मला अजून वाईट वाटतं. बुधवारी परत गेलो. तासभर लाँच, मग त्या शंभराच्या वर पायऱ्या, दर वळणावर थांबत. मूर्ती जवळजवळ वीस फूट उंच. तिथे पूजा होत नाही, तरी सासऱ्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि उभे राहिले. मधल्या मुखाचे मिटलेले डोळे बघत. परतीच्या लाँचमध्ये म्हणाले, आता झालं.

पाऊसवेळ
रानजाई, वाचून गलबललं.

दगडफूल
घारापुरीवरून आठवलं. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो आता राणीच्या बागेशेजारी, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. १८६४ साली इंग्लंडला न्यायला उचलताना क्रेन मोडली आणि त्याचे तुकडे झाले. १९१४ मध्ये पुन्हा जोडला. सहलवाले तिथे थांबवत नाहीत, तुम्ही आवर्जून थांबा.

गारवा
निलांबरीत कोणी बसलंय का? उघड्या टपाची डबल डेकर. २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाली. रात्रीच्या फेरीला लेकीला घेऊन गेले होते. सीएसएमटीवर दिवे, मग राजाबाई टॉवर, आणि मरीन ड्राइव्हला वळल्यावर असा वारा आला की वरचे सगळे एकदम ओरडले. शेजारी बसलेलं गुजराती जोडपं, पुढे केरळच्या चार नर्सबाई, कोणी कोणाला ओळखत नव्हतं. उतरेपर्यंत लेक त्यांच्यातल्या एकीच्या मांडीवर झोपलेली.

पाऊसवेळ
आम्ही फोर्टात पायीच फिरलो. मला तर बसपेक्षा तेच आवडतं. काळा घोड्याजवळचं निळं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८८४ चं. चर्चगेटजवळ भिखा बेहराम विहीर, १७२५ ची, समुद्र इतका जवळ आणि पाणी गोड! आत फक्त पारशी जाऊ शकतात, म्हणून बाहेरूनच हात जोडले. हाजी अलीला जाणार असाल तर भरतीची वेळ बघा, वाट पाण्याखाली जाते. कुकरची शिट्टी झाली, उरलेलं नंतर.

कोकणकडा
पाऊसवेळ, बाणगंगा राहिली का? ते तळंही गोड्या पाण्याचं.

पाऊसवेळ
राहिली गं. पुढच्या वेळी तूच चल.

अबोली
सोनचाफा, लातूरच्या का तुम्ही? माझं आजोळ किल्लारी. आमच्याकडेही गेटवेचा असाच पोस्टाने आलेला फोटो होता, आजी-आजोबा आणि मामा. ९३ च्या भूकंपात घराबरोबर गेला. तुमचा फोटो इथे टाकाल का? मागची कमान तीच असेल.

सोनचाफा
अबोली, टाकते. आई आत्ताच डोळा लागून झोपलीय. उठली की तिला विचारून टाकते.