मदत हवी आहे: कुत्री भुंकून थोपवत नाही, थेट अंगावर जाते

माझी कॅरेलियन बेअर डॉग जातीची कुत्री 14 महिन्यांची झाली. नाक उत्तम, माग सोडत नाही. घोडं अडतं ते पुढे. या जातीने अंतर राखून, भोवती फिरत, भुंकून भुंकून अस्वलाला खिळवून ठेवायचं, शिकारी पोचेपर्यंत. ही मात्र गुपचूप जाऊन मागच्या पायाला दात लावायला बघते. परवा सरावाला अस्वलाचं कातडं दोरीने ओढत नेलं, तर भुंकणं राहिलं बाजूला, तोंडात केसांचा पुंजका घेऊन शेपूट हलवत आली! खऱ्या अस्वलाचा एक पंजा बसला की खेळ खलास.

मुरलेल्या कुत्र्याबरोबर सोडली तर शिकेल, की त्यालाही गोत्यात आणेल? आणि हिची पिल्लं घ्यावीत का? हिची आई दुरूनच भुंकायची, हिच्या बापाचं काम मी पाहिलेलं नाही.