साउथ वेस्ट नॉरफोक: २६ हजारांचं मताधिक्य गेलं कुठे?

बांधावरून:
पूर्व इंग्लंडमधल्या या मतदारसंघातून २०१९ला हुजूर पक्षाच्या लिझ ट्रस (पुढे ब्रिटनच्या पंतप्रधान झालेल्या) २६,१९५ मतांनी निवडून आल्या आणि २०२४ला मजूर पक्षाच्या टेरी जर्मींकडून ६३० मतांनी पडल्या. जिकडेतिकडे 'हुजूर पक्षाचा पिढीजात गड ढासळला' असं वाचायला मिळतं. थेटफर्ड, स्वॉफम, डाउनहॅम मार्केट आणि भोवतालची शेती, एवढीच माझी या मतदारसंघाची ओळख. गड खरंच पिढीजात होता का? की सगळा ४९ दिवसांच्या पंतप्रधानपदाचा राग? जुने आकडे ठाऊक असणाऱ्यांनी लिहा.

मतपेटी:
'पिढीजात' आधी खोडा. १९४५ ते १९६४ या काळात ही जागा अक्षरशः केसावर लटकलेली असे. १९४५ला मजूर पक्षाचे सिडनी डाय ५३ मतांनी जिंकले. (सैनिकांची मतं परदेशातून यायची होती, म्हणून मतदान ५ जुलैला आणि निकाल थेट २६ जुलैला. तीन आठवडे पेट्या बंद!) १९५१ला हुजूर पक्षाचे डेनिस बुलर्ड आले. १९५५ला देशात हुजूर पक्षाचं बहुमत वाढलं, पण इथे डाय १९३ मतांनी परत आले. डिसेंबर १९५८मध्ये ते मोटार अपघातात गेले. मार्च १९५९च्या पोटनिवडणुकीत अल्बर्ट हिल्टन यांनी जागा राखली आणि त्याच वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत ७८ मतांनी टिकवली. १९६४ला देशात मजूर पक्षाची सत्ता आली, तेव्हा ही जागा मात्र १२३ मतांनी हुजूर पक्षाच्या पॉल हॉकिन्स यांच्याकडे गेली. देशाचा वारा एकीकडे, नॉरफोकचा भलतीकडे.

कारण शेतमजूर. १८८४च्या मताधिकार सुधारणेने गावाकडच्या घरकर्त्या मजुराला मत मिळालं. गुप्त मतदान १८७२पासूनच होतं. १९०६ला इथून लिबरल रिचर्ड विन्फ्री आले, ते मजुरांना छोटे जमीनतुकडे मिळावेत म्हणून झटणारे. १९२३ला मजुरीकपातीवरून नॉरफोकमध्ये शेतमजुरांचा मोठा संप झाला, तो आठवड्याला ५० तास आणि २५ शिलिंगांवर मिटला. शेतमजुरांची संघटना गावोगाव रुजली होती. हिल्टन त्याच संघटनेतले. मजुराचं घर बहुधा मालकाचं, म्हणजे काम सुटलं की छप्परही गेलं. या एका मुद्द्यावर पिढ्यानपिढ्या मतं पडली. त्या घरांना संरक्षण देणारा कायदा आला १९७६ला. तोवर ट्रॅक्टर आणि कापणी-मळणी यंत्रांनी मजूरच शेतावरून हटवले होते! मजूर गेले, त्यांच्याबरोबर मजूर पक्षाची मतंही गेली. 'गड' झाला तो त्यानंतर.

नकाशा_वेडा:
मतपेटींशी सहमत, पण 'नंतर' म्हणजेही सरसकट नाही. हॉकिन्स १९८७पर्यंत होते, मग जिलियन शेपर्ड (१९९३-९४ला शेतीमंत्री). १९९७ला त्यांचं मताधिक्य २,४६४वर आलं होतं.

आता गंमत बघा. मजूर पक्षाची इथली मतं:
१९९७: २२,२३० – पराभव
२०१७: १४,५८२ – पराभव
२०१९: ९,३१२ – पराभव
२०२४: ११,८४७ – विजय

२०२४चा विजेता २०१७च्या पराभूतापेक्षा पावणेतीन हजार मतांनी मागे आहे. म्हणजे मजूर पक्षाची लाट वगैरे काही नाही. समोरचा गठ्ठा फुटला. ट्रस ३५,५०७वरून ११,२१७वर घसरल्या, रिफॉर्म यूकेला (हुजूर पक्षाच्याही उजवीकडचा पक्ष) ९,९५८ आणि अपक्ष जेम्स बॅग यांना ६,२८२ मतं. जर्मींच्या वाट्याला जेमतेम २६.७% आले, पण तिथे सर्वाधिक मतं मिळवणारा निवडून येतो, निम्म्याची अट नाही.

दोन खड्डे टाळा. २०२४ला मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखल्या (६९,७२४ ते ७७,०६२ मतदार, असा नियम), त्यामुळे २०१९ आणि २०२४चे आकडे मतामताला जुळवू नका. दिशा कळते, तेवढीच घ्या. दुसरं, या मतांचा संबंध ब्रेक्झिटशी, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याशी, लावायचा तर त्याचं सार्वमत मोजलं गेलं ते स्थानिक परिषदांनुसार. ब्रेकलंडमध्ये बाहेर पडण्याच्या बाजूने ६४.२%, किंग्ज लिन व वेस्ट नॉरफोकमध्ये ६६.४%. हा मतदारसंघ या दोन्हींत विभागलेला आहे, म्हणून 'मतदारसंघाचा ब्रेक्झिट निकाल' म्हणून जे फिरतं तो अंदाज असतो.

बांधावरून:
आकडे डोळे उघडणारे आहेत. पण मग ट्रस यांच्यावरचा राग हिशेबात कुठे बसवायचा? रिफॉर्मला तर गावाकडे बऱ्याच ठिकाणी मतं पडली.

मतपेटी:
राग बघायचा तर बॅग यांच्या रकान्यात बघा. रिफॉर्मची मतं ही देशभराची गोष्ट; अपक्षाला सहा हजारांवर मतं ही खास इथली. बॅग म्हणजे स्ट्रॅडसेटच्या जुन्या जमीनदार घराण्यातले, स्वभावाने हुजूरच. ट्रस यांच्याशी स्थानिकांची कुरबूरही जुनीच. २००९ला त्यांची उमेदवारी रद्द करायचा ठराव हुजूर पक्षाच्या स्थानिक शाखेत आला होता. तो १३२ विरुद्ध ३७ असा पडला, आणि विरोधकांना वर्तमानपत्रांनी 'टर्निप तालिबान' (टर्निप म्हणजे सलगम; थोडक्यात, गावाकडचे कट्टर) हे नाव चिकटवलं. ते ३७ तेव्हा किरकोळ वाटले. २०२४ला बॅग यांच्या दर दहा मतदारांपैकी एकाहून किंचित जास्त ट्रस यांच्याकडे वळले असते, तरी जागा वाचली असती.