डोक्याच्या लांबीला शरीराच्या लांबीने भागले की पुरे का?

प्रश्न :
मी पुण्यात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत आहे. सिंहगडाच्या पायथ्याशी आणि मुळशीकडे आढळणाऱ्या एकाच जातीच्या पालींची डोकी मी डिजिटल व्हर्निअरने मोजली आहेत. सिंहगडाकडच्या पाली सरासरीने मोठ्या असल्यामुळे मी डोक्याच्या लांबीला तुंडापासून गुदद्वारापर्यंतच्या लांबीने भागले. गुणोत्तरांत स्पष्ट फरक दिसतो, परंतु मार्गदर्शकांना तो मान्य नाही. माझे काय चुकले?

उत्तर १ :
मराठीत आपण ‘आकार’ हा शब्द ठेवण आणि आकारमान या दोन्ही अर्थांनी वापरतो. घोटाळा बहुधा तिथूनच सुरू होतो. भागाकाराने आकारमानाचा परिणाम जातोच असे नाही. समजा, डोके शरीराच्या लांबीच्या ०.८ व्या घाताने वाढते. मग शरीर दुप्पट झाले तरी डोके १.७४ पटच होते आणि गुणोत्तर सुमारे १३ टक्क्यांनी घसरते. म्हणजे दोन्हीकडच्या पाली वाढीच्या एकाच नियमाने वाढत असल्या, तरी त्यांच्या गुणोत्तरांत फरक दिसणारच. या असमान वाढीला हक्स्ली आणि तेसिए या जीवशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये ‘अ‍ॅलोमेट्री’ हे नाव दिले. दोन्ही मापांचे लॉग (लॉगॅरिदम) घ्या आणि शरीराची लांबी सहचल (सोबत हिशेबात धरायचे माप) म्हणून ठेवून अँकोव्हा करा, म्हणजे शरीराच्या लांबीचा परिणाम वजा करून गटांच्या सरासरींची तुलना करणारी सांख्यिकी चाचणी.

उत्तर २ :
त्याआधी शरीराच्या लांबीनुसार डोके कसे वाढते हे दाखवणाऱ्या दोन्ही गटांच्या रेषा समांतर आहेत का, म्हणजे त्यांचे उतार सारखे आहेत का, हे तपासा. तशा नसतील, तर गटांमधला फरक प्रत्येक आकारमानाला वेगळा असतो आणि ‘दुरुस्त केलेली’ एकच सरासरी काढण्यात अर्थ उरत नाही. सगळ्या पाली एकत्र करून एकच रेषा काढून तिची रेसिड्युअल्स (प्रत्येक पालीच्या मापाचे त्या रेषेपासूनचे अंतर) पुढे वापरण्याचा मोहही टाळा, कारण गटांचे आकारमानच वेगळे असल्यामुळे त्या रेषेच्या उतारात गटांमधला फरकही मिसळतो. शेपटीसह एकूण लांबी घेतली नाहीत, हे उत्तम केले. तुटून पुन्हा आलेली शेपटी सगळा हिशेब बिघडवते.

प्रश्नकर्ता :
उतार जवळजवळ सारखे आले. मात्र अगदी लहान पिल्ले फक्त मुळशीच्या नमुन्यात आहेत.

उत्तर २ :
मग तुलना दोन्ही गटांत सामाईक असलेल्या लांबीच्या पट्ट्यापुरतीच ठेवा आणि पिल्ले का वगळली, हे प्रबंधात स्पष्ट लिहा. नर-मादी वेगळे नोंदवले आहेत ना? अनेक पाली-सरड्यांमध्ये नराचे डोके तेवढ्याच लांबीच्या मादीपेक्षा मोठे असते.