७५ मिनिटांचा सॉफ्टबॉल सामना कसा आखावा? (१२ वर्षांखालील मुली) सल्ला हवा

नवी_कोच
नमस्कार. १२ वर्षांखालील मुलींचा संघ सांभाळते, पहिलंच वर्ष आहे. कागदावर सामना ७ इनिंगचा (एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा, तीन आउट होईपर्यंत बॅटिंग करतात), पण वेळ ७५ मिनिटं. वेळ संपली की नवीन इनिंग सुरू करत नाहीत, चालू असलेली पूर्ण करतात. एका इनिंगमध्ये एका संघाला जास्तीत जास्त ५ रन. आमचे सामने बहुतेक वेळा चार इनिंगमध्येच आटोपतात.

१२ मुली आहेत आणि सगळ्या बॅटिंग करतात. भरवशाची पिचर (चेंडू टाकणारी) एकच. दुसरी शिकते आहे, तिच्या हातून वॉक (चार चुकीचे चेंडू गेले की बॅटरला फुकट पहिला बेस) फार जातात. आठवड्याला दोनच सराव मिळतात आणि नवीन सामान घेण्याची सोय नाही. कृपया एवढ्यात बसेल असंच सुचवा.

पिचर कोणती कधी द्यावी, बॅटिंग ऑर्डर कशी लावावी, घड्याळाकडे किती बघावं? मागच्या सामन्यात शेवटच्या तिघींना एकेकदाच बॅटिंग मिळाली. त्यातली एक परतताना एक शब्द बोलली नाही. ते डोक्यातून जात नाही.

तिसरा_बेस
भरवशाची पिचर पहिल्या चेंडूपासून. दुसरा विचारच नको. मी एकदा आमची मुख्य पिचर पाचव्या इनिंगसाठी राखून ठेवली होती. पाचवी इनिंग झालीच नाही. ती पोर ग्लोव्ह घालून डगआउटमध्ये बसून राहिली आणि आम्ही दोन रननी हरलो. त्यानंतर दोन वर्षं हाच नियम पाळतोय आणि दोन्ही वर्षी अंतिम सामन्यात होतो.

कॅचरचे_बाबा
कॅचरच्या सामानाचे दोन संच घ्या. शिन गार्ड, चेस्ट प्रोटेक्टर, हेल्मेट, एवढं सगळं एका मुलीने काढून दुसरीने घालेपर्यंत अंपायर ताटकळतात. आम्ही दुसरा संच घेतला आणि फरक लगेच दिसला.

नवी_कोच
@कॅचरचे_बाबा, पटतंय, पण खरेदी जमणार नाही असं वर लिहिलंय.

कॅचरचे_बाबा
जुना मिळाला तरी चालेल. पण घ्याच.

जुनी_शॉर्टस्टॉप
तिसरा_बेस यांना +१. चांगली पिचर आधी. आणि आठवड्याला तीन सराव करा, दोनात काही होत नाही. आम्ही तर रोज खेळायचो.

स्कोअरबुक
आकडे मांडून बघा. संघाच्या जेवढ्या बॅटर येतात, त्यातली प्रत्येक जण शेवटी आउट होते, रन करते किंवा बेसवर राहते. तुमच्या नऊ जणी दोनदा आणि तिघी एकदा, म्हणजे २१ बॅटर आल्या. चार इनिंगचे १२ आउट, बाकीच्या ९ जणी रन करून आल्या किंवा बेसवर अडकल्या. पाचवी इनिंग झाली असती तर अगदी तीनच बॅटर आल्या असत्या तरी २४ झाल्या असत्या. बाराही जणींना दोन वेळा. तेव्हा ऑर्डर वगैरे नंतर बघू, तुम्हाला हवी आहे ती एक जादा इनिंग.

ती मिळते बाजू बदलताना. चार इनिंगमध्ये सात वेळा मैदानातून आत-बाहेर होतं. दर वेळी तीन मिनिटं जात असतील आणि ती एकावर आणली, तर १४ मिनिटं हाती लागतात. या वयात साधारण तेवढ्यात एक इनिंग बसते. मी दोन वर्षं वहीच्या समासात वेळ लिहून ठेवली आहे. सर्वात जास्त वेळ खेळात जात नाही, ग्लोव्ह शोधण्यात जातो.

उजवी_फील्ड
स्कोअरबुक, अगदी बरोबर! आम्ही फील्डिंगच्या जागांचा कागद डगआउटच्या जाळीला लावतो. तिसरा आउट झाला की कुणी कोचला विचारायचं नाही, कागद बघायचा आणि पळायचं. आउटफिल्डच्या मुली आधी निघतात कारण त्यांना लांब जायचं असतं. पुढच्या इनिंगच्या पहिल्या तीन बॅटर कोण हे आधीच ओरडून सांगायचं, म्हणजे आत येताच त्या हेल्मेट घालतात. सरावात याच्यासाठी दहा मिनिटं पुरतात.

तिसरा_बेस
कागद ठीक आहे, पण नाणेफेक जिंकलात तर होम टीमच घ्या, म्हणजे दर इनिंगमध्ये नंतर बॅटिंग. शेवटची बॅटिंग आपल्या हातात राहते.

पिवळा_बॉल
दर वेळी नाही. वेळ संपताच खेळ जागीच थांबवतात आणि असेल तो स्कोअर धरतात अशा स्पर्धा असतात. तिथे होम टीमची बॅटिंग राहूनच जाऊ शकते, म्हणून आधी बॅटिंग बरी. पण काही ठिकाणी थांबवल्यावर स्कोअर आधीच्या पूर्ण इनिंगवर नेतात. आमचं तिथेच वाटोळं झालं. आम्ही चौथीच्या वरच्या भागात (पहिल्या संघाच्या बॅटिंगमध्ये) चार रन काढून पुढे गेलो, समोरच्यांची बॅटिंग चालू असताना वेळ संपली, ते चारही रन पुसले गेले आणि आम्ही हरलो. मुलींना समजावताना मला शब्द सापडत नव्हते. नियम आधी वाचला नाही, चूक माझी.

तिसरा_बेस
पण यांच्या स्पर्धेत चालू इनिंग पूर्ण करतात ना? मग होमच.

पिवळा_बॉल
यांच्यासाठी होम, मान्य. तुम्ही सरसकट म्हणालात म्हणून लिहिलं.

जुना_पंच
बरीच वर्षं अंपायरिंग केलं आहे, म्हणून काही गोष्टी स्पष्ट करतो. नवीन इनिंग पहिल्या पिचला सुरू होत नाही. आधीच्या इनिंगचा शेवटचा आउट झाला त्याच क्षणी सुरू होते. घड्याळात दहा सेकंद उरली असताना तो आउट झाला, तर पुढची इनिंग पूर्ण खेळायची. यावरून कोच माझ्याशी सर्वात जास्त वाद घालतात.

सामन्याआधी अंपायर दोन्ही कोचना बोलावतात तेव्हा तीन गोष्टी विचारा: घड्याळ कुणाकडे, ते नाणेफेकीपासून चालू होतं की पहिल्या पिचपासून, आणि बरोबरी झाली तर टायब्रेकर आहे का. टायब्रेकरमध्ये दुसऱ्या बेसवर रनर ठेवून इनिंग सुरू होते, त्याचा सराव मुलींना नसतो.

आणि वेळकाढूपणा करू नका. बूट बांधायला सांगणं, पिचरजवळ विनाकारण घोळका करणं आम्हाला दिसतं. बऱ्याच नियमावल्यांत पिचरला २० सेकंद आणि बॅटरला बॉक्समध्ये यायला १० सेकंद असतात. अती झालं तर सामना समोरच्याला देण्याचा अधिकारही अंपायरला असतो.

चौथी_बॅटर
उलटी घाई पण नको. आम्ही तिसऱ्या इनिंगच्या खालच्या भागात ७ रननी मागे होतो, दोन आउट, वेळ दोन मिनिटं. ५ रनच्या मर्यादेमुळे त्या इनिंगमध्ये बरोबरी अशक्य होती. मी रनरला पिच सुटायच्या आधी बेस सोडायला सांगितलं. ती आउट झाली, चौथी इनिंग मिळाली. समोरच्यांनी त्यात आणखी ५ काढले. ती मुलगी मला म्हणाली, "मी मुद्दाम आउट का झाले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुन्हा कधी तसं सांगितलं नाही.

जुना_पंच
माझ्या लक्षात आलं असतं तर तिथेच समज दिली असती.

लांब_फटका
माझ्या मते बॅट बदला. मुलीला कंपोझिट बॅट घेतली आणि ती दुसऱ्याच पिचला मारायला लागली. सामने आपोआप लवकर होतात.

जुनी_शॉर्टस्टॉप
बॅटने काही होत नाही, मनगटाने होतं. या वयात वजनाला हलकी बॅट हवी, एवढंच.

लांब_फटका
हलकी घेतली तर चेंडू इनफिल्डच्या बाहेर जात नाही. अनुभवाने सांगतोय.

उजवी_फील्ड
बॅटचा वेगळा धागा काढा ना. त्यांना घ्यायची नाहीये.

ढिगाऱ्यावरून
मी स्वतः पिचर होते, म्हणून शिकाऊ मुलीबद्दल लिहिते. वॉकला कमीत कमी चार चेंडू जातात, वर एकही आउट मिळत नाही. घड्याळ खातात ते वॉकच. तिला कोपऱ्यांवर टाकायला सांगू नका. प्लेटच्या (बॅटरपुढची पाटी) मधोमध टाकू दे, बॅटर मारू देत, मागे सात जणी उभ्या आहेत. कॅचरने ग्लोव्ह मधेच धरायचा, बाजूला सरकवायचा नाही. ४० फुटांवरून टाकताना चेंडू कमी पडत असेल तर सरावाची सुरुवात ३० फुटांवरून करा आणि पाच-पाच फूट मागे जा. दोन सरावांत जमण्यासारखं आहे. पण सामन्यात ती नंतरच, आघाडी असेल तेव्हा.

तिसरा_बेस
तेच मी म्हणतोय. चांगली पिचर आधी.

नवी_कोच
सगळ्यांचे मनापासून आभार. काल कागद करून जाळीला लावला आणि पळायचा सराव घेतला. पहिल्यांदा पावणेतीन मिनिटं लागली, सहाव्यांदा सव्वा मिनिट. नाणेफेक जिंकलो तर होम घेणार.

पिचरबाबत मात्र तुमच्या सगळ्यांच्या विरोधात जाते आहे. शनिवारी पहिली इनिंग शिकाऊ मुलीला देणार. ५ रनची मर्यादा आहे, म्हणजे कितीही बिघडलं तरी ५. ते भरून काढायला पूर्ण सामना पुढे असतो. आघाडी मिळाल्यावर तिला देऊ म्हटलं तर वर्षभरात तिची पाळी येणार नाही. आणि बॅटिंग ऑर्डर मागच्या सामन्यात जिथे थांबली तिथून पुढे सुरू करणार, म्हणजे दहावी मुलगी पहिली. ती न बोललेली तीच.

तिसरा_बेस
हराल. तरी शुभेच्छा, स्कोअर नक्की कळवा.

जुना_पंच
एक काळजी घ्या. अंपायरना द्यायच्या कार्डावर त्या मुलीचं नाव पहिल्याच ओळीत लिहा, तोंडी सांगून भागत नाही. कार्डाचा क्रम चुकला आणि समोरच्यांनी वेळेत अपील केलं, तर जिची पाळी होती ती आउट जाते.

नवी_कोच
आत्ताच लिहून ठेवते.