टाइल्स निघाल्या, गोंद निघेना! तुमचे अनुभव सांगा

दर्यापूरची काकू: शेजारी सकाळपासून ग्राइंडर घरघरून राहिला, अन् मले आमची ओसरी आठवली. कूलरचं पाणी मुरून टाइल्स फुगल्या, त्या पटापट निघाल्या. खालचा पिवळा गोंद काँक्रीट सोडेना. सासूबाई म्हणे, राहू दे, वरून चटई टाक! मी गोणपाट अंथरून त्यावर उकळतं पाणी ओतलं, मुरू दिलं अन् पटाशीनं खरवडलं. लोण्यावानी आला. तुमचं कसं झालं?

बोंडअळी: आमचा रबरी होता, पाण्याले दाद नाही. थिनरनं निघाला. खिडक्या उघड्या, गॅस बंद. अन् मिस्त्री तिथंच बिडी पेटवून राहिला होता बाप्पा 😡

धानवाला_पवनी: सिमेंटवाला असेल तर पाणी, थिनर दोन्ही सोडा. छन्नी-हातोडी, नाहीतर ग्राइंडरले डायमंड कप व्हील, म्हणजे काँक्रीट घासायची वाटीसारखी चकती. धूळ लय उडते, त्यात सिलिका, फुफ्फुसात बसते. दुपट्ट्यानं भागत नाही, एन-९५ लावा.

मोर्शीवाली: पाणी मारत घासलं तर?

धानवाला_पवनी: हातात करंटची मशीन अन् खाली पाणी? नको ताई. व्हॅक्यूम लागणारं कव्हर मिळते, ते घ्या.

उनाड पोट्टा: आमच्या इकडं मशीन लावली की लाइन जाते. छन्नीच बरी 😂

मोर्शीवाली: बाथरूमचं ॲसिड चालते का?

बोंडअळी: रबरी गोंदाले ढिम्म होत नाही, काँक्रीट मात्र खाते. वरून वाफ नाकात.

आर्वीकर: काळा डांबरी थर असेल तर कोरडा घासूच नका. जुन्या मालात ॲस्बेस्टॉस असू शकते, त्याचे बारीक धागे फुफ्फुसाले घातक. आम्ही त्याले हातच नाही लावला, वरून नवीन कोबा टाकला.

दर्यापूरची काकू: आमच्या मिस्त्रीनं शेवटी पाणी शिंपडून पाह्यलं. थेंब तसेच उभे राह्यले तिथं पुन्हा खरवड, जिरलं तिथं ठीक. मग छन्नीनं टाचे मारून काँक्रीट खरबरीत केलं, नाहीतर नवीन मसाला धरत नाही म्हणे.

उनाड पोट्टा: काकू, कूलरले वाळ्याची ताटी लावता का लाकडी गवत?

दर्यापूरची काकू: वाळा! पण औंदा महाग हाय.

मोर्शीवाली: वाळ्याचा वास आला म्हणजे उन्हाळा लागला. आमच्याकडं संत्र्याचा आंबिया बहार फुटून राह्यला, फवारणीचं कोणी सांगा ना.